एका विंडोतून दुसऱ्या विंडोत मजकूर नेताना: सिलेक्ट, कॉपी आणि पेस्ट यांचा योग्य क्रम

पेस्ट केल्यावर भलताच जुना मजकूर उमटतो. वेबपानावरून घेतलेला परिच्छेद मागच्या राखाडी पट्ट्यासकट येतो. आधार क्रमांकाच्या जागी मधोमध इंग्रजी ई असलेला विचित्र आकडा दिसतो. जुन्या फाइलमधलं मराठी नव्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग होऊन येतं. या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, पण उपाय मात्र बहुतेक जण एकच करतात: पुन्हा कॉपी, पुन्हा पेस्ट. त्यातून वेळ जातो आणि चूक तशीच राहते. कधी कधी ती छापूनही येते.

या लेखासाठी एक नेहमीचं काम समोर ठेवलं आहे: गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल. मागच्या वर्षांचे अहवाल जुन्या फॉन्टमधल्या वर्ड फाइलमध्ये, सभासदांची यादी एक्सेलमध्ये, एखादं परिपत्रक पीडीएफमध्ये आणि समितीच्या सूचना ईमेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये. हे सगळं एका नव्या वर्ड फाइलमध्ये आणायचं आहे. शाळेचा अहवाल, स्मरणिका, निविदा, प्रबंध, काहीही असलं तरी क्रम हाच राहतो. पावलं विंडोजसाठी लिहिली आहेत. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा टप्पा आहे, कारण तिथे मजकूर नुसता सिलेक्ट करण्यालाही वेगळा अर्थ असतो.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली: सिलेक्शन प्रत्येक विंडोचं आपापलं असतं, पण क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवण्याची कॉम्प्युटरमधली जागा, सगळ्या विंडोंचा मिळून एकच असतो. वर्डमध्ये एक ओळ आणि ब्राउझरमध्ये दुसरी ओळ एकाच वेळी सिलेक्ट केलेली असू शकते. क्लिपबोर्डवर मात्र शेवटची कॉपी केलेली गोष्ट असते. नवी कॉपी झाली की आधीची जाते.

दुसरी, आणि बहुतेक गोंधळाचं मूळ हेच आहे: तुम्ही एकदाच कॉपी करता, पण क्लिपबोर्डवर तोच मजकूर अनेक रूपांत ठेवला जातो. ब्राउझरमधून कॉपी केलं की साधा मजकूरही जातो आणि रंग, फॉन्ट, लिंक यांसकटचं वेबपानाचं रूपही जातं. वर्डमधून कॉपी केलं की आणखी रूपं जातात. यातलं कोणतं रूप उचलायचं हे पेस्ट करताना ठरतं. तुम्ही ठरवलं नाही तर समोरचा प्रोग्रॅम ठरवतो, आणि तो बहुधा सगळ्यात नटवलेलं रूप उचलतो. नोटपॅडमध्ये नीट आलेला मजकूर वर्डमध्ये विस्कटतो तो यामुळेच. कॉपी चुकलेली नसते, पेस्टचा पर्याय चुकलेला असतो.

टप्पा १: तयारी

क्लिपबोर्ड हिस्टरी सुरू करा. ही सोय विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. विंडोज की धरून व्ही दाबा आणि येणाऱ्या चौकटीत 'टर्न ऑन' करा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग क्लिपबोर्ड या वाटेनेही ती सुरू होते. त्यानंतर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे दिसतात. २६ वी आली की सगळ्यात जुनी जाते. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की यादी रिकामी होते. पिन केलेल्या गोष्टी तेवढ्या राहतात. संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता अशा पुन्हा पुन्हा लागणाऱ्या ओळी पिन करून ठेवा.

त्याच सेटिंगमध्ये वेगवेगळ्या उपकरणांवर क्लिपबोर्ड सिंक करण्याचा पर्याय असतो. गरज नसेल तर तो बंदच असू द्या.

आता वर्डची पेस्टची सवय बदला. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन 'कट, कॉपी अँड पेस्ट' हा भाग शोधा. त्यातल्या 'पेस्टिंग फ्रॉम अदर प्रोग्रॅम्स' समोर 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा. ब्राउझर आणि पीडीएफमधून येणारा कचरा एवढ्यानेच बहुतांशी थांबतो. याच पानावर वर, एडिटिंगच्या पर्यायांत, 'व्हेन सिलेक्टिंग, ऑटोमॅटिकली सिलेक्ट एन्टायर वर्ड' असा एक पर्याय आहे. त्याची खूण काढा. सिलेक्शन आपोआप पूर्ण शब्दावर उडी मारतं ते त्या खुणेमुळे.

एक कोरी नोटपॅड विंडो उघडून ठेवा. हे तुमचं तपासणी नाकं. विंडोज ११ च्या नव्या नोटपॅडमध्ये फॉरमॅटिंगची सोय आली आहे, ती नोटपॅडच्या सेटिंग्जमधून बंद करा, नाहीतर तपासणीला अर्थ राहणार नाही.

शेवटी विंडो मांडून घ्या. स्रोताच्या विंडोत असताना विंडोज की आणि डावा बाण, मग नव्या फाइलच्या विंडोत विंडोज की आणि उजवा बाण. दोन्ही शेजारी शेजारी दिसल्या की चुकीच्या विंडोत पेस्ट होण्याची शक्यता बरीच कमी होते. एका वेळी एकच स्रोत उघडा. दहा टॅब आणि पाच फाइली उघड्या ठेवून हे काम नीट होत नाही.

टप्पा २: स्रोत ओळखा

कामाला लागण्याआधी प्रत्येक स्रोतातल्या दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि काय येतं ते पाहा.

स्वच्छ मराठी आलं, तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आहे. टप्पा ३ कडे जा.

मराठी आलं पण ऱ्हस्व वेलांट्या सरकलेल्या, रफार गायब, जोडाक्षरं तुटलेली असतील, तर ही पीडीएफची अडचण आहे. टप्पा ७ पाहा.

इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली, तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. टप्पा ८ पाहा.

काहीच आलं नाही, तर ते पान स्कॅन केलेलं आहे, म्हणजे मजकूर नसून चित्र आहे. त्याचाही उपाय टप्पा ७ मध्ये आहे.

सावधान: ही परीक्षा वर्डमध्ये घेऊ नका. जुना फॉन्ट कॉम्प्युटरवर असेल तर वर्ड तो मजकूर मराठीच दाखवेल आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. अडचण कळेल ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर.

टप्पा ३: नेमकं तेवढंच सिलेक्ट करा

लांब मजकूर माउसने ओढत सिलेक्ट करू नका. पान वेगाने सरकतं आणि दोन ओळी जास्त किंवा कमी येतात. सुरुवातीला एकदा क्लिक करा, शेवटापर्यंत स्क्रोल करा, शिफ्ट धरून शेवटी क्लिक करा. मधलं सगळं सिलेक्ट होतं. हे वर्ड, ब्राउझर आणि नोटपॅड, तिन्हीकडे चालतं.

एक-दोन अक्षरं इकडेतिकडे झाली तर पुन्हा सुरुवात करायची गरज नाही. शिफ्ट धरून डावा-उजवा बाण दाबा, सिलेक्शनचं टोक सरकतं. मराठीत याचा विशेष उपयोग होतो, कारण शेवटच्या अक्षराचा काना किंवा अनुस्वार माउसने नेमका पकडणं अवघड जातं.

वर्डमध्ये आणखी तीन सोयी आहेत. कंट्रोल धरून एकामागून एक वेगवेगळे तुकडे सिलेक्ट करता येतात. ऑल्ट धरून माउस ओढला तर उभा चौकोनी पट्टा सिलेक्ट होतो. ओळींच्या सुरुवातीचे अनुक्रमांक काढून टाकायचे असतील तर हाच मार्ग. तिसरी सोय होम टॅबवरच्या सिलेक्टमध्ये आहे: सारख्या फॉरमॅटिंगचा सगळा मजकूर एकदम निवडणं. जुन्या फॉन्टच्या टप्प्यात ती लागणार आहे.

परिच्छेदाच्या खुणेकडे लक्ष द्या. वर्डमध्ये परिच्छेदाचं फॉरमॅटिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, समास आणि क्रमांक, परिच्छेदाच्या शेवटच्या अदृश्य खुणेत साठवलेलं असतं. ती खूण सिलेक्शनमध्ये आली तर हे सगळं सोबत येतं. नको असेल तर खुणेच्या आधी थांबा. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबलं की या खुणा दिसू लागतात. हे काम चालू असेपर्यंत त्या दिसत राहू द्या.

सावधान: सिलेक्ट केलेला मजकूर वर्डमध्ये माउसने ओढला तर तो त्या जागेवरून उचलला जातो, त्याची प्रत होत नाही. मूळ फाइलमधून परिच्छेद नाहीसे होतात ते असे. ओढून नेण्याची सवय सोडा, आणि मूळ फाइल शक्यतो 'रीड ओन्ली' उघडा.

टप्पा ४: कॉपी करा आणि ती झाली का ते पाहा

कंट्रोल आणि सी. इथे थांबा.

कॉपी फसली तर बहुतेक प्रोग्रॅम काहीही सांगत नाहीत. सिलेक्शन सुटलं असेल, की नीट दाबली गेली नसेल, वेबपानाने कॉपी करू दिली नसेल, तर क्लिपबोर्डवर आधीचीच गोष्ट राहते. तुम्ही पेस्ट करता आणि जुना मजकूर उमटतो. तो दिसायला बरा असेल, म्हणजे दुसऱ्याच एखाद्या ठरावाचा परिच्छेद असेल, तर लक्षातही येत नाही.

तपासा: कॉपी केल्यावर विंडोज आणि व्ही दाबा. यादीत सगळ्यात वर तुमचा मजकूर आहे का? तेवढं पाहून एस्केप दाबा. महत्त्वाच्या मजकुरासाठी हे कधीही टाळू नका.

कट, म्हणजे कंट्रोल आणि एक्स, या कामात वापरूच नका. कट केलेलं पेस्ट करायच्या आत दुसरं काही कॉपी झालं तर पहिलं दोन्हीकडून जातं. आधी कॉपी, मग पेस्ट, मग तपासणी, आणि त्यानंतर मूळ जागेवरून काढायचं असेल तर काढा.

टप्पा ५: विंडो बदला, कर्सर ठेवा, पेस्ट करा

ऑल्ट आणि टॅबने विंडो बदलता येते, पण नुसती विंडो समोर आली म्हणजे कर्सर हव्या जागी असेलच असं नाही. क्लिक करून कर्सर ठेवा आणि तो लुकलुकताना दिसला की मगच पेस्ट करा. त्या फाइलमध्ये आधीपासून काही सिलेक्ट केलेलं असेल तर पेस्ट होताना ते पुसलं जातं. एखादं शीर्षक सिलेक्ट राहिलेलं असतं, त्यावर परिच्छेद बसतो आणि शीर्षक गेल्याचं छपाईच्या वेळी कळतं.

आता रूप निवडा.

साधा मजकूर हवा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. क्रोम, फायरफॉक्स आणि नव्या वर्डमध्ये हे चालतं. जुन्या वर्डमध्ये याच कीचं काम वेगळं होतं, तिथे फक्त फॉरमॅटिंग पेस्ट व्हायचं. तुमचं वर्ड जुनं असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही दाबून 'पेस्ट स्पेशल' उघडा आणि 'अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट' निवडा. यादीत जवळच 'अनफॉरमॅटेड टेक्स्ट' असाही पर्याय असतो. मराठीसाठी युनिकोड लिहिलेलाच घ्या. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्हीने पेस्ट स्पेशलची चौकट उघडते. थेट साध्या मजकुरासाठी त्यातच ऑल्टही धरा. मॅकवर कमांड, ऑप्शन, शिफ्ट आणि व्ही.

साध्या मजकुरात ठळक-तिरपी अक्षरं, लिंक, तळटीपा आणि चित्रं जातात. ठळक अक्षरं टिकायला हवीत पण फॉन्ट आपल्या फाइलचा हवा असेल तर वर्डमधला 'मर्ज फॉरमॅटिंग' हा पर्याय बरा. मूळ दिसणं जसंच्या तसं हवं असेल तेव्हाच 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' घ्या. माझं मत विचाराल तर दहापैकी नऊ वेळा साधा मजकूर आणावा आणि मांडणी नव्या फाइलमध्ये स्टाइल वापरून करावी. आणलेलं फॉरमॅटिंग साफ करण्यात जास्त वेळ जातो.

चुकीचं रूप आलं तर लगेच कंट्रोल आणि झेड. त्यावर हाताने दुरुस्ती करत बसू नका. मजकूर अजून क्लिपबोर्डवर आहे, त्यामुळे पुन्हा कॉपी न करता दुसऱ्या रूपात पेस्ट करता येतं.

तपासा: पेस्ट केलेल्या तुकड्याचे पहिले तीन आणि शेवटचे तीन शब्द मुळाशी ताडून पाहा. अपुरं सिलेक्शन टोकालाच कळतं. ही तपासणी होईपर्यंत स्रोताची विंडो बंद करू नका.

टप्पा ६: एक्सेलमध्ये नेताना आणि एक्सेलमधून आणताना

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण एक्सेल मजकूर नुसता ठेवत नाही, त्याचा अर्थ लावतो. शून्याने सुरू होणारा बँक खाते क्रमांक पेस्ट केला की पुढची शून्यं जातात. १२ अंकी आधार क्रमांक सलग असेल तर तो ई असलेल्या रूपात दिसतो. १६ अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे १५ च अंक धरून ठेवतं.

यातल्या आधार क्रमांकाचं फक्त दिसणं बदललेलं असतं, मूळ अंक शाबूत असतात. बाकी दोन्हींत माहितीच गेलेली असते. नंतर सेलचं फॉरमॅट बदलून ती परत येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा:

१. रिकामा कॉलम आधी सिलेक्ट करा.
२. त्याचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करा.
३. मग स्रोताकडे जाऊन कॉपी करा.
४. परत येऊन 'मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग' या पर्यायाने पेस्ट करा.

क्रमांक २ आणि ३ ची अदलाबदल करू नका. फॉरमॅट नंतर बदलणं ही इथली सगळ्यात मोठी चूक आहे.

एक्सेलमधून कॉपी करताना सेलभोवती हलणारी तुटक रेघ दिसते. ती आहे तोवरच एक्सेलची कॉपी पूर्णपणे जिवंत असते. मधेच एखाद्या सेलमध्ये काही टाइप केलं की रेघ जाते आणि पेस्टचे पर्याय कमी होतात किंवा संपतात. त्यामुळे जागा आधी तयार करा आणि मग कॉपी करा.

सेल कॉपी करणं वेगळं आणि सेलमधला मजकूर कॉपी करणं वेगळं. सेल कॉपी करून वर्डमध्ये नेला तर टेबल येतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये नेला तर शेवटी जादा ओळ येऊ शकते आणि फॉर्म क्रमांक चुकीचा ठरवतो. फक्त मजकूर हवा असेल तर सेलवर एफ२ दाबा, आतला मजकूर सिलेक्ट करा आणि मग कॉपी करा. उलट दिशेनेही हेच लक्षात ठेवा: दोन-तीन ओळींचा पत्ता एकाच सेलमध्ये बसवायचा असेल तर आधी एफ२ दाबून पेस्ट करा, नाहीतर प्रत्येक ओळ वेगळ्या सेलमध्ये जाते.

सावधान: काही ओळी हाताने लपवलेल्या असतील तर त्याही कॉपी होतात. थकबाकीदारांची नावं लपवून यादी पाठवली आणि समोरच्याकडे सगळीच पोचली, असं व्हायला एवढंच कारण पुरतं. सिलेक्ट केल्यावर ऑल्ट आणि अर्धविरामाची की दाबा. फक्त दिसणारे सेल निवडले जातात. मग कॉपी करा.

टप्पा ७: पीडीएफमधून आणताना

पीडीएफ हे कागदावर कसं दिसेल ते सांभाळण्यासाठी असतं. त्यात अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा असतात. कोणता आकार म्हणजे कोणतं युनिकोड अक्षर, याचा तक्ता सोबत असतो, पण तो अपुरा असू शकतो. इंग्रजीत हे फारसं जाणवत नाही. मराठीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने व्यंजनानंतर आणि दिसायला व्यंजनाआधी, रफार दिसायला पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, जोडाक्षराचा आकार तर स्वतंत्रच. तक्ता अपुरा असला की हीच अक्षरं आधी बिघडतात.

म्हणून नोटपॅडमध्ये 'महाराष्ट्र', 'कार्यालय', 'विद्यार्थी', 'क्षेत्र' असे शब्द कसे आलेत ते आधी पाहा. ते नीट असतील तर पुढे जा. बिघडलेले असतील तर तो मजकूर हाताने दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका, काही चुका राहतातच. दोन वाटा आहेत. ज्यांनी पीडीएफ बनवली त्यांच्याकडे मूळ वर्ड फाइल मागणं ही उत्तम वाट. ती मिळत नसेल तर पानांचं ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवा: पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ठेवा, राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. स्कॅन केलेल्या छापील मराठी पानांनाही हे चालतं. त्यानंतर आकडे, तारखा आणि नावं मुळाशी एकेक करून ताडावी लागतात. तिथे घाई करू नका.

पीडीएफची दुसरी अडचण ओळींची. प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी एंटर येतो. हे एकेक करून खोडू नका. वर्डमध्ये शोधा-आणि-बदला ही चौकट उघडा. एंटरची खूण म्हणजे कॅरेटचं चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी लहान पी. बदल या क्रमाने करा:

१. दोन एंटरच्या जागी @@ ठेवा. हे खरे परिच्छेद.
२. उरलेल्या एका एंटरच्या जागी एक मोकळी जागा ठेवा.
३. @@ च्या जागी एक एंटर ठेवा.
४. दोन मोकळ्या जागांच्या जागी एक ठेवा, आणि बदल शून्य होईपर्यंत हेच करत राहा.

पहिली पायरी गाळली तर सगळा मजकूर एकाच परिच्छेदात गोळा होतो. मजकुरात परिच्छेदांमध्ये दोन एंटर नसतीलच, तर आधी मूळ पान पाहून प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी हाताने @@ टाका आणि मग दुसऱ्या पायरीपासून सुरू करा. हे सगळं मुख्य अहवालात नको, वेगळ्या कोऱ्या फाइलमध्ये करा, नाहीतर आधी नीट बसवलेले परिच्छेदही एकमेकांना चिकटतील.

टप्पा ८: जुन्या फॉन्टमधला मजकूर

कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट यांत टाइप केलेल्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. साध्या मजकुराच्या रूपात पेस्ट केलं की फॉन्ट गळून पडतो आणि आतली अक्षरं उघडी पडतात. म्हणजे टप्पा ५ मधला नियम इथे लावायचा तर आधी मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं, आणि ते करणारे रूपांतरक प्रोग्रॅम असतात.

मूळ फाइलची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. मजकुरात कर्सर ठेवून फॉन्टचं नाव पाहा आणि लिहून ठेवा. प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी असते. कृतिदेवचा रूपांतरक शिवाजीच्या मजकुरावर चालवला तर येणारं काहीच वाचता येत नाही. एका फाइलमध्ये दोन-तीन फॉन्टही सापडतात: शीर्षकं एकात, मजकूर दुसऱ्यात, इंग्रजी नावं तिसऱ्यात. सगळं एकदम कॉपी करून रूपांतरकात टाकलं तर इंग्रजी नावांचंही निरर्थक मराठी होतं. त्यासाठी टप्पा ३ मधली सारख्या फॉरमॅटिंगची सोय वापरा. परिच्छेदांत मराठी-इंग्रजी सरमिसळ असेल तर परिच्छेद न् परिच्छेद घ्यावा लागतो. त्याला आडवाट नाही.

रूपांतर झालेला मजकूर आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे मराठी दिसलं तर काम झालं. मग तिथून अहवालात न्या. नोटपॅडची फाइल सेव्ह करणार असाल तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ ठेवा. एएनएसआय निवडलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात आणि मजकूर परत मिळत नाही.

सावधान: ऑनलाइन रूपांतरकात टाकलेला मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊ शकतो. सभासदांचे फोन क्रमांक, थकबाकी, खाते क्रमांक तिथे टाकू नका. तेवढा भाग हाताने टाइप करा.

टप्पा ९: न दिसणाऱ्या चुका शोधा

अहवाल एकत्र झाला, डोळ्यांना नीट दिसतो, तरी शोधात शब्द सापडत नाही. कारण मराठीतली काही अक्षरं सारखीच दिसतात पण दोन तऱ्हांनी साठवली जातात. 'दुसऱ्या'मधला अर्धा र नुक्तेवाल्या ऱ ने लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असाही. 'ॲप'मधला ॲ एकसंध असू शकतो किंवा अ वर चंद्र देऊन केलेला. वेगवेगळ्या स्रोतांतून आणलेल्या मजकुरात दोन्ही तऱ्हा येतात. मग 'सर्व बदला' म्हटलं की अर्धेच बदलतात.

यावर उपाय असा: पेस्ट केलेल्या मजकुरातून संशयित शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाका आणि आपल्या कीबोर्डवर टाइप केलेल्या रूपाने त्याला बदला. हे मुख्यतः वारंवार येणाऱ्या नावांसाठी आणि पदांसाठी करा. वेबपानावरून आलेल्या मजकुरात न तुटणारी मोकळी जागाही असते. वर्डमध्ये खुणा दिसत असतील तर ती छोट्या गोल अंशचिन्हासारखी दिसते. तिच्या जागी साधी मोकळी जागा आणा, नाहीतर ओळी भलत्या ठिकाणी तुटतात.

टप्पा १०: लिनक्सवर काम करत असाल तर

लिनक्सवर दोन वेगळ्या जागा असतात. कंट्रोल आणि सीने कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर जातो आणि कंट्रोल-व्हीने येतो. नुसता सिलेक्ट केलेला मजकूर 'प्रायमरी' नावाच्या दुसऱ्या जागी जातो आणि माउसचं मधलं बटण दाबलं की उमटतो. दोन्ही एकमेकांना धक्का लावत नाहीत. हे समजून वापरलं तर एका वेळी दोन मजकूर नेता येतात: नाव क्लिपबोर्डवर, पत्ता प्रायमरीत.

पण प्रायमरीत सिलेक्शन सगळ्या विंडोंचं मिळून एकच असतं, आणि लोक चुकतात ते इथे. एका विंडोत पत्ता सिलेक्ट करायचा, दुसऱ्या विंडोत जाऊन चौकटीतला जुना मजकूर पुसण्यासाठी तो सिलेक्ट करायचा आणि मग मधलं बटण दाबायचं. अशाने जुनाच मजकूर परत येतो, कारण तुम्ही शेवटी सिलेक्ट केलेला तोच होता. बरोबर क्रम उलटा आहे: आधी जागा रिकामी करा, मग स्रोतात सिलेक्ट करा, मग मधलं बटण. संपादकात, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, मजकूर सहसा माउसचा बाण असेल तिथे पडतो, लुकलुकणाऱ्या कर्सरपाशी नाही, हेही ध्यानात ठेवा.

टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबवण्याचा आदेश. तिथे कॉपीसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि सी, पेस्टसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. वेबपानावरची आज्ञा थेट टर्मिनलमध्ये पेस्ट करू नका. तिच्यात न दिसणारा जादा मजकूर असू शकतो, आणि शेवटी एंटर असेल तर वाचायच्या आत ती चालूनही जाऊ शकते. आधी एखाद्या संपादकात पेस्ट करा, वाचा, मग न्या.

आणखी एक फरक: इथे कॉपी केलेला मजकूर ज्या प्रोग्रॅममधून घेतला त्याच्याकडेच राहतो आणि पेस्ट करताना मागवला जातो. तो प्रोग्रॅम बंद केला तर मजकूर जाऊ शकतो. केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये क्लिपबोर्ड सांभाळणारा क्लिपर असतो, त्यामुळे तिथे हे सहसा जाणवत नाही. इतरत्र पेस्ट होईपर्यंत स्रोत उघडा ठेवा.

टप्पा ११: काम आवरताना

दिवसभरात क्लिपबोर्ड हिस्टरीत पासवर्ड, खाते क्रमांक, सभासदांची माहिती साठलेली असते. विंडोज आणि व्ही दाबून 'क्लिअर ऑल' करा. पिन केलेल्या गोष्टी त्याने जात नाहीत, त्यातलं खासगी काही असेल तर एकेक करून काढा. संस्थेच्या कार्यालयातला कॉम्प्युटर अनेक जण वापरत असतील, किंवा काम सायबर कॅफेत केलं असेल, तर हे सोडून उठू नका. दूरच्या कॉम्प्युटरला रिमोट डेस्कटॉपने जोडलेलं असेल तर बहुधा दोन्हीकडचा क्लिपबोर्ड एकच झालेला असतो. तुम्ही इथे कॉपी केलेला पासवर्ड तिकडेही पोचतो. जोडणी सुरू असताना खासगी काही कॉपी करू नका.

हिस्टरी रिकामी झाल्यावर अहवालाची फाइल बंद करून पुन्हा उघडा, आणि जमलं तर जुने मराठी फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. तिथे एखादा परिच्छेद इंग्रजी अक्षरांत दिसला तर टप्पा ८ मधला तेवढा तुकडा राहून गेला आहे. तोच पुन्हा करा, बाकीच्याला हात लावू नका.